एकशे अठरा शब्दांत मालकी

स्वतःचा धंदा असणं आणि स्वतःचा धंदा आहे असं सांगता येणं, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली कष्टाने साधते. दुसरीला क्लास लावावा लागतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही जाणीव १९९९ च्या जानेवारीत झाली. इटलीतल्या एका पंप कंपनीचा माणूस जूनमध्ये इथल्या फौंड्र्या बघायला येणार, असं पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं आणि पाहुण्यांना इंग्रजी उत्तम येतं, असा त्यात स्पष्ट उल्लेख होता. मात्र हा उल्लेख दुसऱ्या पानावर असल्यामुळे कोणाच्या वाचनात आला नाही. आला तेव्हा 'उद्यमनगर इटालियन व्यवहारशब्द समिती' स्थापन होऊन तिचा शिक्कासुद्धा तयार झाला होता. शिक्का तयार झालेली समिती बरखास्त करण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

शिक्षक म्हणून माझी निवड झाली. मी बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र. समितीचे अध्यक्ष आकारामबापू (स्पेअर पार्टचं दुकान, क्लास त्याच्याच माळ्यावर भरे) यांनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला.

"अल्फा, बीटा, गॅमा वाचाय येतंय न्हवं?"

मी हो म्हटलं.

"मग झालं की! ग्रीसच्या शेजारीच हाय इटली."

मी नंतर नकाशावर मोजून पाहिलं. मध्ये समुद्र आहे, पण विधान ढोबळमानाने बरोबर आहे. मला इटालियन येत नव्हतं. मात्र तसं कोणी विचारलं नव्हतं. एक जुना शब्दकोश आणि दोन कॅसेट यांच्या आधारे मी काम सुरू केलं. संपूर्ण सत्रभर मी विद्यार्थ्यांच्या पुढे सरासरी दीड दिवस होतो. (महाविद्यालयातही हे अंतर साधारण एवढंच असतं.)

विद्यार्थी तेवीस. त्यांतले बावीस जण इटालियन शिकायला आले होते. तेविसावे चन्नाप्पा एक वाक्य शिकायला आले होते.

चन्नाप्पांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी चौदा वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर काम केलं आणि १९८४ साली स्वतःची फौंड्री टाकली. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागावर, गोलात एक 'च' उमटलेला असे, अंगठ्याच्या नखाएवढा. राधानगरीपासून गारगोटीपर्यंत किती विहिरींवरच्या पंपांत तो च आहे, याची मोजणी झालेली नाही. पंप बिघडला की लोक आधी च शोधत आणि मग चन्नाप्पांना शोधत. अशा वेळी ते सापडत, हे त्यांचं वैशिष्ट्य.

पहिल्याच दिवशी ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मला लई शब्द नगोत. पावण्याच्या तोंडावर, त्याच्या भाषेत, एकदा म्हनायचं हाय, ह्यो धंदा माझा हाय. चौदा वर्सं 'मालकास्नी इचारून सांगतो' एवढंच बोललोय. तेवढं एक वाक्य शिकवा."

वाक्य असं: ए ला मीआ अझिएंदा. अझिएंदा म्हणजे धंदा, कंपनी. मीआ म्हणजे माझी. चन्नाप्पा ते रोज चाळीस वेळा म्हणत. भट्टीतला लोखंडाचा रस साच्यात ओततानाही म्हणत, त्यामुळे सुरुवातीला ते ओरडूनच म्हणता येई. आवाज बोलण्याच्या पातळीवर आणण्यात पाच आठवडे गेले.

बाकीच्यांसाठी मी तीनशे बारा शब्दांची यादी केली होती. व्यवसाय चालवणाऱ्या माणसाला लागतील ते सगळे शब्द: मालक, भागीदार, गिऱ्हाईक, नफा, तोटा, उशीर, तक्रार, करार, सही. यादी मंजुरीसाठी समितीपुढे गेली आणि पहिल्याच पानावर अडली.

"तोटा?" आकारामबापू म्हणाले. "सर, तिन्हीसांजंला असलं शब्द शिकवताय व्हय पोरांस्नी?" (सर्वांत लहान विद्यार्थी एकेचाळीस वर्षांचे होते.)

मी म्हटलं, व्यवसायात तोटाही होतो.

"हुतो. पन बोलत न्हाईत. आपन दुकान बंद करतो का? न्हाय. वाढवतो. देवापुढचा दिवा इझवत न्हाईत. शुभ बोला की जरा!"

यात तर्काची चूक मला दाखवता आली नाही. यादीची छाननी तीन बैठकांत पूर्ण झाली. अशुभ म्हणून सत्त्याऐंशी शब्द गेले. त्यांत तोटा, दिवाळं, तक्रार, उशीर आणि गंज होते. मालकाच्या प्रतिष्ठेला बाधक म्हणून एक्केचाळीस गेले. नोकर, पगार, रजा वगैरे. पासष्ट शब्द जीभ वळत नाही म्हणून गेले. वादाचा उरला एक. तो होता 'नाही'. तो कोणत्या वर्गात घालावा याबद्दल मतभेद झाले, पण काढावा याबद्दल झाले नाहीत. लांबून आलेल्या पावण्यापुढे त्या शब्दाचं काम काय, असं बापूंनी विचारलं, आणि समितीच्या इतिहासातला एकमेव एकमताचा ठराव झाला.

त्या वेळी झुंबरबाई चहा घेऊन आल्या होत्या. शेजारची खानावळ त्यांची. चहाच्या बदल्यात त्यांना क्लास फुकट होता, म्हणजे दारात उभं राहून ऐकायला मोकळीक होती.

"न्हाय म्हनाय येत न्हाय तर धंदा कशाला करताय?" त्या म्हणाल्या. "मी दिसाला धा जनांस्नी म्हंते. भाकरी संपली, न्हाय. उधारी, न्हाय. आनि हेंच्या जिभंला काय काटं आल्यात?"

"मावशी, तुमचं निराळं. तुमची खानावळ हाय," बापू म्हणाले. "हितं उद्योजक बसल्यात."

झुंबरबाईंचा अभिप्राय इतिवृत्तात 'चहा झाला' अशा शब्दांत नोंदवण्यात आला.

अशा रीतीने एकशे अठरा शब्द राहिले. हा संच मी नंतर तपासला. त्यात होकारासाठी सात पर्याय होते: सी म्हणजे हो, चेर्तो म्हणजे नक्कीच, व्होलेंतिएरी म्हणजे आनंदाने, दाक्कोर्दो म्हणजे मंजूर, असे. इतका आनंदी व्यापार इटलीतही होत नसावा.

जूनमध्ये सिन्योर तोनेल्ली आले. सज्जन गृहस्थ, हातात वही, पायात बूट आणि त्यावर भट्टीची राख पडली तरी न झटकणारे. त्यांनी अकरा फौंड्र्या पाहिल्या आणि चन्नाप्पांचं काम पसंत केलं. फौंड्रीच्या दारात ते इंग्रजीत बोलायला तोंड उघडणार, तोच चन्नाप्पा दोन पावलं पुढे आले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले,

"ए ला मीआ अझिएंदा."

आवाज अगदी बोलण्याच्या पातळीवर. मागे उभ्या असलेल्या, साचे भरणाऱ्या मोल्डरांना ते वाक्य पाठच होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. सिन्योर तोनेल्ली इतके हरखले की त्यांनी इंग्रजी सोडलंच आणि पुढचं सगळं इटालियनमध्ये सुरू केलं. क्लास नसता तर हे घडलं नसतं, अशी नोंद समितीने अभिमानाने केली आहे. ती अचूक आहे.

बैठकीची पद्धत अशी ठरली होती: पाहुण्यांचा प्रश्न मी मराठीत सांगायचा, उत्तर चन्नाप्पांनी स्वतः इटालियनमध्ये द्यायचं. त्याच बैठकीत त्यांची तोंडी परीक्षाही उरकून घ्यावी, असा समितीचा आदेश होता. म्हणून मी उच्चारांचा तक्ता घेऊन बसलो होतो.

प्रश्न एकूण एकोणीस झाले. माल चाळीस दिवसांत मिळेल का? सी. इथल्या पंपवाल्यांचं काम थांबवून फक्त आमचंच कराल का? व्होलेंतिएरी. आमची कंपनी भागीदार म्हणून आत आली तर चालेल ना? सी. शंभरातले एक्कावन्न भाग आमचे ठेवले तर? चेर्तो. पाहुणे प्रत्येक वेळी थांबून "नक्की ना?" असं विचारत होते. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या देशात लोक अशा वेळी वाद घालतात, आणि तो कधी सुरू होतो याची ते बहुधा वाट पाहत होते.

चौदावा प्रश्न त्यांनी एक कास्टिंग हातात घेऊन विचारला. हे जे गोलातलं अक्षर आहे, त्याच्या जागी आमच्या कंपनीची खूण घातली तर चालेल का?

मी प्रश्न मराठीत सांगितला. चन्नाप्पा गप्प राहिले. सात सेकंद, मी घड्याळ लावलं होतं, कारण विलंबाला गुण कापायचे होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, त्यांना शब्द आठवत नाहीये. विद्यार्थी अडला की शिक्षकाने सुचवायचं असतं. मी ओठ हलवून सुचवलं: चेर्तो.

"चेर्तो," चन्नाप्पा म्हणाले.

उच्चार निर्दोष होता. एकूण दहा सी, सहा चेर्तो, तीन व्होलेंतिएरी. गुण शंभरपैकी चौऱ्याण्णव. (विलंबाचे मी कापले नाहीत. सहा गेले ते एका अनुनासिकापायी.)

दुपारचं जेवण झुंबरबाईंकडून आलं. रश्श्याचा रंग पाहून पाहुण्यांनी खुणेने विचारलं, तिखट कमी करता येईल का?

"नो," झुंबरबाई म्हणाल्या.

थोडंसं?

"नो."

पाहुण्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा तेच उत्तर मिळालं, आणि मग ते शर्टाच्या बाह्या वर करून जेवले. जाताना त्यांनी झुंबरबाईंना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाले, या बाई मोठ्या व्यावसायिक दिसतात. करार दुसऱ्या दिवशी झाला. एकतीस पानं, प्रत्येक पानावर दाक्कोर्दो. संपूर्ण करारात पाहुण्यांनी माघार घेतलेलं एकच कलम सापडतं: कामगारांचं जेवण झुंबरबाई त्यांच्या अटींवर पुरवतील आणि त्यात कोणताही बदल सुचवला जाणार नाही.

'नाही'ला इटालियनमध्ये 'नो' म्हणतात, हे झुंबरबाईंना कोणी शिकवलं, याची समितीने चौकशी केली. कोणीच शिकवलं नव्हतं. तो शब्द तेवीसच्या तेवीस विद्यार्थ्यांना क्लास लावण्यापूर्वीपासून येत होता. तीनशे बारांपैकी फी न भरता येणारा तो एकटाच होता.

पुढची अंमलबजावणी सुरळीत झाली. साच्यांसाठी लाकडी पॅटर्न करणारे लालासाबभाई यांनी पटाशी घेऊन त्रेसष्ट पॅटर्नवरचे त्रेसष्ट च काढले. ते कोरलेही त्यांनीच होते.

"कोराय एकेकाला अर्धा दिस गेलता," ते म्हणाले. "काढाय पाच मिंटं. सर, ह्येला इटालियनमदी काय म्हंत्यात?"

हा शब्द यादीत नव्हता.

मी चन्नाप्पांना एकदा विचारलं, "अण्णा, प्रश्न समजला होता ना?"

"समजलाता की सर, न समजाय काय झालं? पन पावनं घरात येऊन बसल्यालं, एवढं गोड बोलतंय, आनि तोंडावर न्हाय म्हनायचं? म्हनून तुमच्याकडं बगिटलं. म्हटलं, सर शिकल्यालं हैत, ते म्हंतील."

मी ही माहिती तक्त्याच्या शेरा या रकान्यात लिहून ठेवली.

चन्नाप्पा आता त्याच फौंड्रीत, त्याच खुर्चीवर, त्याच भट्टीसमोर व्यवस्थापक आहेत. इटलीहून वर्षाला तीन-चार पाहुणे येतात. त्यांच्यापुढे चन्नाप्पा छातीवर हात ठेवून ते वाक्य म्हणतात. पाहुणे टाळ्या वाजवतात. मोल्डर हल्ली वाजवत नाहीत. उच्चार दर वर्षी सुधारतो आहे, आणि एका पाहुण्याने तर ते ऐकून अण्णांना तुमचं गाव मिलानच्या उत्तरेला का, असं विचारलं.

गेल्या दिवाळीत ते माझ्याकडे आले. गारगोटीकडच्या एका माणसाचा पंप बिघडला होता. त्याने आधी च शोधला, मग चन्नाप्पांना शोधलं. चन्नाप्पा त्याला म्हणाले, "मालकास्नी इचारून सांगतो." तो माणूस तसाच परत गेला.

"सर," ते म्हणाले, "नोकराला काय म्हंत्यात त्येंच्यात? बरूबर शिकवा. चुकीचं बोलाय नगं."

तो शब्द प्रतिष्ठेला बाधक म्हणून गेलेल्या एक्केचाळिसांत होता. मी जुनी यादी काढली. दिपेंदेंते. चन्नाप्पांनी एकदाच म्हटला आणि बरोबर म्हटला.

"पैलं वाक्य शिकाय महिनं गेलं. ह्यो कसा वो पटकन आला?"

चौदा वर्षांचा पूर्वसराव असल्यामुळे असावं, अशी मी नोंद केली.

समितीने यंदापासून जर्मन सुरू केलं आहे. शिक्षक मीच. (विचारलं, हो म्हणालो.) शब्दसंग्रह वाढवून एकशे पंचवीस केला असून होकाराचे पर्याय आता नऊ आहेत. प्रवेशासाठी कोणतीही पात्रता नाही. हा मजकूर इथपर्यंत वाचणाऱ्यांचे फॉर्म समितीच्या वतीने आधीच भरून ठेवले आहेत. आमचा माणूस फक्त सहीसाठी येईल. तो स्वभावाने अतिशय गोड आहे आणि बऱ्याच लांबून येतो. आपल्याला क्लास नको असेल तर त्याला तोंडावर तसं सांगावं. एकच शब्द आहे, आणि तो आपल्याला येतो. आजवर त्याने एकही फॉर्म सहीवाचून परत आणलेला नाही.