झनकलालकाकांचा ठप्पा

खोटं वाटेल, पण झनकलालकाका दह्यावरसुद्धा खूण करून ठेवायचे. सायीवर करंगळीनं एक फुली. संध्याकाळी झाकण काढून आधी फुली बघायची, मगच जेवायला बसायचं. घरात माणूस एकच, ते स्वतः. काकूला जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मग फुली मोडणार कोण? आईनं एकदा हे विचारलं, तर म्हणाले, "मांजर तं आहे ना वहिनी." मांजर दही खाऊन गेली तर फुलीशिवायही कळेल, हे त्यांना कोण सांगणार!

आमचं गाव सौंदडच्या अलीकडे, सगळं धानाचं. धान उफणून झाला की घरी नेईपर्यंत रास खळ्यावरच असते. म्हणून राखड पाण्यात कालवायची, लाकडी ठप्पा त्यात बुडवायचा आणि राशीवर चहूबाजूंनी उमटवायचा. कोणी ओंजळभर जरी धान काढला तरी नक्षी मोडते आणि चोरी उघडी पडते. हे आमच्याकडे सगळेच करतात. पण सगळे राशीपाशी थांबतात, काका थांबले नाहीत. रेतीच्या ढिगावर ठप्पा, गोवऱ्यांवर ठप्पा, पिठाच्या डब्यात पाच बोटांची छाप. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नाटक बघायला गेले की चपला काखेत धरून बसायचे. नाटकात रडायचा प्रसंग आला की डोळे पुसायला हात मोकळा नसायचा. चपला शेजाऱ्याकडे द्याव्यात तर शेजाऱ्याचा काय भरवसा? मग तसेच, न पुसता रडायचे.

त्यांचं एक वाक्य गावभर प्रसिद्ध होतं. "मी कोनाचं नाव नाही घेत, पन..." आणि 'पन' म्हणता म्हणता त्यांची मान हळूच वळायची. पावसाळ्यात ती मासे धरणाऱ्या ढीमरांच्या मोहल्ल्याकडे वळायची, उन्हाळ्यात बाहेरून आलेल्या मजुरांकडे. गोंदियाचा व्यापारी आला तर सरळ रेल्वे स्टेशनच्या दिशेनं. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो आणि मोठी माणसं पोट धरून हसायची. सगळ्यात जास्त हसायचे माझे बाबा. गावातले भले गृहस्थ म्हणून त्यांचं नाव होतं.

मी नऊ वर्षांची असताना काकांच्या घरामागच्या सांदवाडीतल्या झोपडीत सुकलूदादा राहायला आला. गोंड माणूस, नवेगाव बांधाच्या बाजूच्या जंगलातला. बायको आणि रमशीला नावाची माझ्याएवढी पोरगी घेऊन तो काकांच्या शेतीत कामाला लागला. काकांना तर संशयाचं भांडारच घरपोच मिळालं. रमशीलाचं नाव शाळेत त्यांनीच घातलं. कारण अर्थातच संशयाचं. म्हणाले, घरी राहिली तर पोरगी डबे हुडकेल, त्यापेक्षा गुरुजींच्या नजरेखाली बरी. रोज सकाळी ती शाळेत पोचेपर्यंत हे पाठीमागून चालायचे. कधी तिच्या हातात शिळ्या भाताचा घास द्यायचे आणि वर बजावायचे, "पूर्न खा. लपवून ठेवशीन कुठी."

रमशीला माझी पहिली खरी मैत्रीण. तिला बांधावरचे खेकडे हातानं धरता यायचे, पाखराच्या आवाजावरून त्याचं नाव सांगता यायचं. मला काय यायचं? पाढे, तेही अडखळत. ती आमच्या घरी आली की आई तिला पाणी द्यायची, वेगळ्या गिलासात. तो गिलास दुसऱ्या कोणाला मिळत नसे. मला वाटायचं हा तिचा मानच आहे. मला घरात स्वतःचा गिलास नव्हता, म्हणून मला तिचा हेवा वाटायचा. काय बावळट होते मी!

त्यांचं आमच्याकडचं दुसरं वर्ष. धानाचे दिवस. मुरमुऱ्याचे लाडू विकणारी बाई खळ्याखळ्यानं फिरायची, पायलीभर नसला तर पसाभर धानावरही लाडू द्यायची. आमच्या राशीपाशी आजोबा बसलेले. काकांच्या राशीपाशी भर दुपारी कोणी नव्हतं, ते जेवायला गेले होते. मी फ्रॉकच्या घेरात धान भरला. मोडलेली नक्षी बोटानं सारखी करायला गेले, तर ती आणखीच फिसकटली. चार लाडू मिळाले. दोन मी रमशीलाला दिले. तिनं विचारलं, धान कुठला? मी सांगितलं, आईनं दिला.

काका जेवून आले आणि त्यांनी रास बघितली. बोंब ठोकतील असं वाटलं होतं. पण ते राशीपाशी उकिडवे बसले आणि बघतच राहिले. लोक मात्र जमले. वर्षानुवर्षं ज्या माणसाच्या संशयाला गाव हसलं, त्याला त्या दिवशी कोणीही हसलं नाही. काकांनी मान वर केली आणि त्यांची नजर माझ्यावर आली. फ्रॉकच्या घेरावर थांबली.

"मी कोनाचं नाव नाही घेत," ते म्हणाले. लोक 'पन'ची वाट बघत राहिले. तो आलाच नाही.

नाव घेतलं ते माझ्या बाबांनी. "इच्यारायचं काय आहे त्याच्यात? सुकलूले बलवा."

सुकलूदादा आला. त्याच्यामागे रमशीला आली, हातात अर्धा लाडू. बापानं विचारलं, कुठून आणला? तिनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पायांकडे बघत होते. त्यानं तिला एक थप्पड मारली. त्याआधी त्यानं तिच्यावर हात उचललेला मी कधी बघितला नव्हता. बापानंच मारलं म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली.

सकाळी झोपडी रिकामी होती. आईनं तो गिलास उचलून अडगळीत टाकला, तेव्हा कुठे मला त्याचा अर्थ कळला. मी घाबरले होते हे खरंच आहे. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी. मी गप्प राहिले तरी निभावून जाईल, माझ्यावर कोणाचं बोट येणार नाही, एवढं मला दहाव्या वर्षी नीट कळत होतं. लाज वाटते लिहिताना.

पुढे काकांची तऱ्हा बदलली. गोवऱ्या उघड्या, रेती उघडी. धान निघाला की एक दिवस पिशवी घेऊन ते बसनं नवेगाव बांधाकडे जायचे आणि दिवस मावळता परत यायचे. कुठे गेले होते, ते सांगायचे नाहीत. मग काय, गावाला विषयच मिळाला. म्हाताऱ्यानं तिकडे बाई ठेवली आहे, असं लोक बोलू लागले. आयुष्यभर दुसऱ्यांवर पाळत ठेवणाऱ्या माणसावर आता अख्खं गाव पाळत ठेवून होतं.

मी शिकले, गोंदियाजवळ एका शाळेत नोकरीला लागले. दोनेक वर्षांपूर्वी दिवाळीत घरी आले होते, तेव्हा काकांनी बोलावलं. खाटेवर बसले होते. उशाखालून त्यांनी प्लास्टिकच्या थैलीतला एक कागद काढला. रमशीलाचा शाळा सोडल्याचा दाखला. ते लोक गेले त्याच आठवड्यात काकांनी गुरुजींच्या मागे लागून तो काढला होता.

"दाखल्याबिगर दुसऱ्या शाळेत घेत नाई म्हनून," ते म्हणाले. "लय हुडकलं. कोनी म्हने या गावी, कोनी म्हने त्या गावी."

मी विचारलं, "काका, तुमाले मालूम होतं ना? मग बोलले काऊन नाई?"

"तुह्या घेराले धान चिकटला होता, बाई. सारी उमर परक्यायवर नजर ठेवली. आपल्यातल्या पोरीवर बोट दाखवाची येळ आली, तं तोंडच नाई उघडलं." मग दाखला माझ्या हातात देत म्हणाले, "चोर सापडला होता. मीच लपवला."

ती भेटली का, हे मी शेवटी विचारलं. भेटली होती. पण हुडकायला लागल्यापासून अकराव्या वर्षी. तिचं लग्न झालेलं, कडेवर लेकरू. तिनं ओळखलं, खाट टाकली, पाणी दिलं. काकांचा हात काही खिशाकडे गेला नाही. आता काय करणार होती ती दाखल्याचं?

"काही बोलली का?"

"पयलेच इच्यारलं, मंदा शिकली का? मी म्हनलं, मास्तरीन झाली. तं हासली. कायले हासली, मले अजून समजलं नाई." मग म्हणाले, "तवापासून दरसाली जातो. च्या पाजते. तुह्यं इच्यारते. दुसरं आमी काई बोलत नाई. तू येशीन का एकदा संगं?"

येते म्हणाले. पुढच्या सुट्टीत नक्की, म्हणाले. ती सुट्टी आली, त्याच्या पुढचीही आली. दर वेळी काहीतरी काम निघालं, म्हणजे मी काढलं.

काका मागच्या पोळ्यानंतर गेले. दाखला माझ्या कपाटात आहे. माझी खबर सांगायला आता तिच्याकडे कोणी जात नाही.