पाच वर्षांचा पक्का दर

काशीनाथ रामटेके यांनी दिल्लीच्या द्वारका भागातले बहुतेक सगळे फ्लॅट पाहिले होते आणि एकही घेतला नव्हता. "कर्जाचे दर अजून थोडे खाली येऊ देत," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एका छोट्या बँकेत ते जोखीम विभागात होते. व्याजदर चढले तर बँकेचं काय होईल आणि पडले तर काय होईल, याची आगाऊ काळजी करायचा त्यांना पगार मिळायचा. घरी ते हेच काम फुकट करायचे.

त्यांची बायको नंदा केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होती. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती, म्हणजे आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर जाणार. मग राहायचं कुठे, या विचाराने बिचारीचा जीव टांगणीला लागला होता.

शनिवारी सकाळी काशीनाथ बाल्कनीत उभे राहून फोनवर सहकाऱ्याशी बोलत होते. "हां, मान लो रेट एकदम दो परसेंट गिर गया. फिर?"

बँकेची ही नेहमीची कसरत. वाईटात वाईट कल्पून बघायचं आणि बँक तग धरते का ते तपासायचं. पण नंदाचं सगळं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं होतं. तिथे साहेब नुसतं "मान लो, आपको गुवाहाटी भेज दिया" एवढंच म्हणाले, तरी शहाणा माणूस त्याच संध्याकाळी सामान बांधायला घेतो. नंदाने हातातली मेथीची जुडी तशीच टाकली आणि ती खालच्या मजल्यावर विजयाकडे धावली.

"विजया, कुणाला बोलू नकोस हं. व्याजाचे दर दोन टक्क्यांनी पडतायत. आता आमचा फ्लॅट होणार बघ!"

"अच्छा? मग आमच्या एफडीचं काय गं?" विजयाचे यजमान हरिदास नुकतेच निवृत्त झाले होते आणि फंडाचे पैसे सेव्हिंग खात्यात लोळत पडले होते. "चलो, दर पडायच्या आत पाच वर्षांसाठी अडकवूनच टाकते."

विजयाने शब्द पाळला. तिने तोंडाने कुणालाच काही सांगितलं नाही. तिने फक्त महिला मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, 'रामटेकेंच्या घरातली पक्की बातमी आहे' आणि खाली 'कुणाला बोलू नका' अशी सूचनाही टाकली.

सोमवारी काशीनाथांच्या बँकेची शाखा उघडायच्या आधीच तिच्याबाहेर अर्धं आर. के. पुरम उभं होतं. निवृत्त अधिकाऱ्यांची रांगसुद्धा सेवाज्येष्ठतेने लागली होती. पाच वर्षांच्या ठेवी घेता घेता मॅनेजर हरखून गेला आणि त्याने स्टाफसाठी काजूकतली मागवली.

दुपारी एमडी साहेबांनी काशीनाथना केबिनमध्ये बोलावलं. "रामटेके जी, कमाल हो गया! इतना डिपॉझिट तो कभी नहीं आया."

"सर, यही तो गड़बड़ है," काशीनाथ कळवळून म्हणाले आणि त्यांनी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. आपली कर्जं बदलत्या दराची. उद्या दर खरोखरच पडले, तर कर्जदार कमी व्याज देणार आणि बँक मात्र या ठेवींवर पाच वर्षं आजचंच चढं व्याज देत बसणार. मधल्या मध्ये नफा आटणार, आणि नफा आटला की शेअरही आपटणार.

शेअर म्हटल्याबरोबर साहेब खुर्चीत सरळ झाले. त्यांच्याकडे स्वतःच्याच बँकेचे ढीगभर शेअर होते. "इलाज?"

"सर, पाँच साल पक्के रेट पर उतने ही लोन भी देने पड़ेंगे. मग दर कुठेही जावोत, दोन्ही बाजू जुळतात." घाबरले की काशीनाथ मराठीत शिरायचे.

"लेकिन रेट गिरने वाला है, तो पक्के रेट पर लोन लेगा कौन?"

"गिरने वाला है? किसने कहा, सर?"

"पूरी लाइन कह रही थी. खबर आपके ही घर से आई है."

आता नोकरीही गेली आणि अब्रूही, असं काशीनाथांना वाटलं. साहेब मात्र गोड आवाजात म्हणाले, "आपको द्वारका में फ्लैट लेना था ना?"

संध्याकाळी घरी येऊन काशीनाथ सोफ्यावर कोसळले. "कर्ज मंजूर झालं. पाच वर्षं दर पक्का. रविवारी फ्लॅटचं नक्की करून टाकू."

"खरंच?" नंदाला विश्वासच बसेना. तिचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हा माणूस प्रथमच 'करून टाकू' म्हणाला होता. पण सरकारी नोकरीने तिला शंका काढायला शिकवलं होतं. "अहो, पण दर चढले तर?"

"तर आपण हसायचं आणि विजयाने हात चोळत बसायचं."

"आणि पडले तर?"

"बाकीच्यांचे हप्ते कमी होतील, आपला नाही. पण आपल्यासारखे कर्जदार मिळाले की बँक वाचेल, शेअर वाचेल, आणि कॉलनीला एफडीचं व्याज बिनबोभाट मिळत राहील."

नंदा विचारात पडली. "म्हणजे विजयाचं व्याज आपल्या हप्त्यातून जाणार?"

"थोडक्यात, हो."

मग काशीनाथ भीत भीत म्हणाले, "गृहप्रवेशाला तिला बोलवायचं की नाही?"

"बोलवायचं तर! बिल्कुल बोलवायचं," नंदाने पदराने डोळे पुसले. "पण स्टीलचा डबा घेऊन आली तर दारातून परत पाठवीन. फ्रिज आण म्हणावं. तिला परवडतंय."