पुंडलिकनानांचे दोनशे छप्पन्न रंग

आमचे शेजारी पुंडलिकनाना नवा माणूस भेटला की आधी अंगठा ओला करतात, त्याच्या शर्टाची बाही घासतात आणि अंगठ्याला रंग लागला का ते पाहतात. धुळ्याच्या एका गिरणीत त्यांचा सगळा जन्म रंगखात्यात गेला. आता सोयरीक असो की पुढारी, त्यांचा प्रश्न एकच, "रंग पक्का शे का?"

अशा माणसाला जावयाने कॅनडाला जाताना आपला जुना लॅपटॉप देऊन टाकला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स. मी कॉम्प्युटर क्लास चालवतो, एवढ्या गुन्ह्यावर नानांनी मला धरलं.

"मास्तर, यामा रंग कितला शेतस?"

"दोनशे छप्पन्न."

"बस? इतला ते मी एक पाळीमा काढसू."

भानगड वेगळीच होती. लेकीने बाळाचा फोटो माझ्या क्लासच्या ई-मेलवर धाडला होता, तो मी फ्लॉपीवर आणून दिला. बाळ ज्या दुपट्यावर निजलं होतं, ते नानींच्या मोरपंखी साडीचं. साडी नानांनी स्वतः रंगवलेली. नानी गेल्या त्याला चार वर्षं झाली. "रंग अजून तसाच आहे," असं लेकीने लिहिलं होतं, आणि पडद्यावर दुपटं दिसत होतं मळकट निळं, ठिगळाठिगळांचं. म्हणूनच नाना रंगांचा हिशेब विचारत होते.

मी लिनक्सच्या सेटिंगची फाइल उघडून पडद्याच्या रंगांचा आकडा वाढवला. पडदा काळाठिक्कर पडला. मी कळा बडवू लागलो, नाना मात्र शांत होते.

"पहिला हात कधी बसत नई. परत कर."

मेमरी तोकडी होती. रंग हवे असतील तर चित्र लहान होईल, भोवती काळी पट्टी राहील, असं मी सांगितलं.

"ऱ्हाऊ दे. काठ शे आस समजू."

आणि हजारो रंग आले. पण गिरणीत दिव्याखाली कधी रंग पास केला नव्हता, म्हणून नानांनी लॅपटॉप उचलून थेट ओट्यावर उन्हात नेला. तिथे त्यांना फक्त स्वतःचं तोंड दिसलं. मी कसंबसं त्यांना दाराच्या आत सावलीत बसवलं.

त्यांनी जुन्या नमुन्यांच्या वहीतला मोरपंखी तुकडा पडद्याशेजारी धरला. बराच वेळ पाहिलं. मग अंगठा ओला केला, काचेवरच्या दुपट्यावर घासला आणि उलटा करून बघितला.

"पक्का शे," नाना म्हणाले. त्यानंतर कुठे त्यांनी पहिल्यांदा बाळाकडे पाहिलं.

"नाक ते आजीनंच शे, मास्तर."