समाजवादी असल्याचा दाखला

पोटनिवडणुकांत पक्षाचे तीनच उमेदवार निवडून आले आणि तिघेही समाजवादी निघाले, तेव्हा पक्षाला गंभीर दखल घ्यावी लागली. तिघांनी तुर्भ्याच्या बाजूला वस्तीवस्तीत फिरून नळ, संडास आणि दवाखाना एवढंच मागितलं होतं. पक्षाने सखोल विश्लेषण करून निष्कर्ष काढला की लोकांना नळ नको आहे, समाजवाद हवा आहे. लगोलग परिपत्रक निघालं: महापालिकेच्या निवडणुकीत प्रत्येक प्रभागातून एक उमेदवार समाजवादी असावा व त्याने तसा दाखला अर्जासोबत जोडावा.

परिपत्रक वाचून सानपाड्याचे नंदकुमार गोठोस्कर सोफ्यावर मटकन बसले. अहो, बावीस वर्षं माणसाने सतरंज्या उचलल्या होत्या! वय अठ्ठावन्न. यंदा तिकीट मिळालं तर मिळालं, नाहीतर जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्यात हार घालत बसायचं. बॅनरसाठी बंद गळ्यातला फोटोसुद्धा काढून झाला होता.

"स्मिता, मी समाजवादी आहे का गं?"

"कालच रिक्षावाल्याला 'तुम्ही लोक म्हणजे ना' करून झापलंत," मटार सोलता सोलता बायको म्हणाली. "मला तरी वाटत नाही."

दाखला देण्यासाठी पक्षाने पडताळणी समिती नेमली होती. प्रमुख शौनक पारसनीस, वय एकतीस, विषमतेचा अभ्यास परदेशात करून आलेला. वाशीच्या कार्यालयात रांग लागली आणि नंदकुमारांच्या पुढे नेमक्या सत्यभामा भालेराव उभ्या. घरकाम करणाऱ्या बायांची संघटना ही बाई तीस वर्षं चालवत होती, मोर्चे काढून दोनदा तुरुंगात जाऊन आली होती, आणि तिला तिकीट त्याच प्रभागातून हवं होतं. संपलं म्हणायचं सगळं!

पण शौनकने कागद चाळले आणि मान हलवली.

"ताई, आपण समाजवादी कधीपासून?"

"सत्त्याण्णवपासून."

"परिपत्रक गेल्या चौदा तारखेचं आहे. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही पक्षाच्या आदेशाविना समाजवादी होतात. हा शिस्तभंग होतो."

"अहो, पक्षाला आत्ता सुचलं त्याला मी काय करू?"

"लेखी खुलासा द्या. तीन प्रतींत. पुढचे?"

पुढचे नंदकुमार. "आजपासून, साहेब," त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. शौनकचा चेहरा खुलला. असा स्वच्छ उमेदवार त्याला दिवसभरात मिळाला नव्हता. आता फक्त समतेचं एक कृत्य ठरावासह दाखवायचं होतं. पाहणी आठ दिवसांनी.

समतेचं कृत्य आणायचं कुठून? ह्या विवंचनेत ते घरी बसले असताना काशीबाई धापा टाकत आत आली. गोठोस्करांकडे चौदा वर्षं ती भांडी आणि लादी करत होती. सोसायटीत कामवाल्यांना पुढची लिफ्ट बंद होती आणि त्यांच्यासाठी ठेवलेली मागची लिफ्ट गणपतीपासून बिघडलेली होती. हा नियम सेक्रेटरीने केला होता. सेक्रेटरी अर्थात नंदकुमारच.

"अकरा मजलं चढून गुडघं गेलं बघा, वैनी," काशीबाई भिंतीला टेकली.

नंदकुमार ताडकन उठले. "काशीबाई, उद्यापासून पुढच्या लिफ्टने यायचं!"

"नगं सायेब, वॉचमन वरडतोय."

रविवारच्या सभेत 'ही सोसायटी सर्व प्रकारच्या विषमतेचा निषेध करते' हा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला. त्यात लिफ्टचा उल्लेख नव्हता, म्हणून कुणी हरकत घेतली नाही. सोमवारी पुढच्या लिफ्टवरची 'कामवाल्यांना मनाई' ही पाटी निघाली आणि पावणेनऊला पहिला फोन आला. कॉलेजात समतेवर व्याख्यानं देणाऱ्या क्षिप्रा राजाध्यक्ष बोलत होत्या.

"नंदकुमार, समता मला मान्यच आहे. पण सकाळी साडेआठला?"

पाहणीच्या दिवशी शौनक तळमजल्यावर उभा होता. लिफ्ट उघडली. काशीबाई आत शिरली, हातात ओला कचरा टाकून आणलेली बादली.

"या की सायेब, जागा हाय!"

"नाही, नाही, तुम्ही व्हा पुढे. मी नंतर येतो."

पुढच्या फेरीत तो एकटा वर गेला आणि शेरा लिहिला: 'समता प्रत्यक्ष पाहिली. समाधानकारक.' दाखला मिळाला, तिकीटही मिळालं. नंदकुमारांचे डोळे भरून आले. बावीस वर्षं हो!

त्याच संध्याकाळी दोनशे बारा सह्यांचं पत्र आलं. पहिली सही क्षिप्राबाईंची. देशात समाजवाद यावा ही सर्व सदस्यांची तळमळ आहे, मतंही आपल्यालाच देऊ. मात्र लिफ्टची व्यवस्था पूर्ववत करावी, अन्यथा मतदानाच्या दिवशी बरीच कुटुंबं लोणावळ्याला जाण्याच्या विचारात आहेत.

नंदकुमारांना वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं. त्या आठ दिवसांत काशीबाई भांडी घासताना चक्क गुणगुणायला लागली होती. पण सानपाड्यात एका इमारतीतली चारशे मतं म्हणजे काय, हे ज्याने निवडणूक लढवली त्यालाच विचारा. दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा लागली आणि वॉचमनचा आवाजही पूर्ववत झाला.

ते निवडून आले. खुलाशाच्या तीन प्रती देऊनही तिकीट न मिळालेल्या सत्यभामाताई अपक्ष लढल्या आणि एकशे ऐंशी मतांनी पडल्या. पक्षाने हा समाजवादाचा ऐतिहासिक विजय असल्याचं जाहीर केलं. आभारपत्रकात सगळ्यांची पूर्ण नावं घालायची होती. एक तरी कष्टकरी नाव हवं, असा शौनकने फोन केला.

"स्मिता, काशीबाईचं आडनाव काय गं?"

"काय माहीत! कधी लागलंच नाही."

पत्रकात नुसतं 'काशीबाई' छापलं. ती निरक्षर असल्यामुळे तक्रार आली नाही.

ह्या नवराबायकोला तुम्ही खुशाल हसा. फक्त ह्या गोष्टीत नावानिशी आलेल्या बाकी सगळ्यांना आडनाव होतं आणि काशीबाईलाच नव्हतं, हे वाचताना मधे कुठे तुम्हाला खटकलं होतं का, तेवढं जरा आठवून बघा.