उजव्या खांद्यावरचा पदर

पडद्यावरची बाई डोकं खाली अन् पाय वर करून उभी होती. सुमित्राबाईंनी मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं.

चित्रं दाखवायचं ते जुनं यंत्र किसनरावांनी आर्वीहून छकड्यात घालून आणलं होतं. आत बत्ती पेटवून काचेची पट्टी सरकवली, की समोर ताणलेल्या धोतरावर मोठं चित्र उमटायचं आणि त्याखाली एक ओळ. ती ओळ आज सुमित्राबाई साऱ्या गावादेखत वाचणार होत्या. प्रौढांच्या वर्गात त्या नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या, आणि ही गोष्ट ज्याला ठाऊक नाही असं माणूस त्यांनी गावात ठेवलं नव्हतं.

"किसनभाऊ, बाईले उलटं काऊन टांगलं?" त्या ओरडल्या.

किसनरावांनी पट्टी फिरवली. बाई पायांवर आली, पण तिचा चेहरा पार विरघळलेला. त्यांनी सदऱ्याच्या टोकाने भिंग पुसलं, नळी मागेपुढे केली. चित्र लख्ख झालं.

"वाच वं!" पडद्याच्या पलीकडून पुंडलिकरावांचा आवाज आला. सुमित्राबाईंचे यजमान. रोज पारावर पेपर वाचून दाखवणारे, गावातल्या पुरुषांत वाचता येणारे एकटे. "अक्षरं कशी सरळ हायेत! मले तं इथून साफ दिसून राह्यले!"

यंत्र आणि पुरुषमंडळी पडद्यासमोर, बाया पडद्यामागे, अशी बैठक होती. सुमित्राबाईंनी डोळे ताणले. एकही अक्षर ओळखीचं दिसेना.

"भुलली वाटते," धुरपता शेजारणीच्या कानात म्हणाली, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं.

सुमित्राबाईंना रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात त्यांचं लक्ष चित्रातल्या बाईच्या लुगड्याकडे गेलं.

"थांबा! हिनं पदर उजव्या खांद्यावर काऊन घेतला? आपल्यात कोन घेते असा? मी नाई भुलली, चित्रच उफराटं हाय!"

किसनरावांनी कपाळावर हात मारला. मागून पाहिलं तर उलटंच दिसणार! त्यांनी काच पुढची मागे केली. पदर डाव्या खांद्यावर आला, अक्षरं शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली.

"पा-णी... उ-क-ळू-न... प्या!" सुमित्राबाईंनी ठणठणीत आवाजात वाचलं. बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला. धुरपतेनेसुद्धा.

किसनराव पडद्याला वळसा घालून खात्री करायला आले. "झालं ना बरोबर? पण बाई, आता समोरच्यांना उलटं दिसत असंल. पुढची काच परत फिरवू काय?"

तेवढ्यात पलीकडून पुंडलिकराव गरजले, "वा किसनराव! आता तं अक्षरं अजूनच सरळ झाली! मी कवाचाच वाचून बसलो!"

किसनरावांनी चमकून सुमित्राबाईंकडे पाहिलं. सुमित्राबाई पडद्याकडे बघतच राहिल्या. लग्नापासून ज्या विद्वत्तेपुढे मान खाली घातली, ती ही! त्यांना हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर छाती अशी भरून आली की साऱ्या घरात वाचणारी आपण एकटीच, हे त्यांना कोणाला सांगावंसंही वाटेना.

पदर सावरून त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या, किसनभाऊ. तिकडं वाचनारे ते एकटेच हायेत, अन् त्याईले सरळच दिसून राह्यलं."