पाच वॉटची धाड

गच्ची कोणाची, हा प्रश्न गिरिधर आणि सुहासिनीच्या संसारात दोन वर्षं धुमसत होता. तशी ती घरमालकाची. पण घरमालक पुण्याला मुलाकडे राहत असल्यामुळे भांडायला ती मोकळीच होती. गिरिधर जालन्याच्या ट्रेझरीत कारकून. परीक्षा देऊन त्याने हौशी रेडिओचं सरकारी लायसन मिळवलं होतं, स्वतःच्या हाताने एक सेट जोडला होता आणि त्यासाठी गच्चीवर या काठीपासून त्या काठीपर्यंत तारा ताणल्या होत्या. या सेटवरून देशातल्या कोणाशीही बोलता येतं, असं तो सगळ्यांना सांगे. प्रत्यक्षात दोन वर्षांत त्याला कानात ऐकू आलं ते एवढंच : खर्रर्र.

"गिरणीमुळं होतंय," तो म्हणे. गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी होती. गिरणी बंद असतानाही खरखर चालूच राही. मग तो म्हणे, "हवामान."

"हवामान राहू द्या," सुहासिनी म्हणे. "त्या तारा बघायला येणारा-जाणारा मान वर करून उभा राहतो. परवा तो लाईनमनसुद्धा उभा होता. लोकांनी आपल्या गच्चीकडं बघितलेलं मला बिलकुल आवडत नाही."

सुहासिनी घनसावंगीकडची, शेतकऱ्याघरची, आणि हात राखून खर्च करणारी. घरात दोन्ही वेळचं अंघोळीचं पाणी विजेच्या शेगडीवर तापे, तरी लाईटचं बिल गल्लीत सगळ्यात कमी तिचंच. गिरिधर ऑफिसात हे छाती फुगवून सांगत असे. अशा बाईपुढे आपला छंद म्हणजे उधळपट्टीच ठरणार, हे त्याला कळत होतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत होतं.

शेवटी पौषात सुहासिनीने निकाल दिला. "हा रविवार शेवटचा. जिल्ह्याबाहेरचा एक माणूस तुमच्याशी बोलला, तर गच्ची तुमची. नाहीतर तारा खाली आणि ते डबडं माळ्यावर. आणि माणूस बोलला पाहिजे. नुसतं पी-पी चालणार नाही. साक्षीला गजाननभाऊजी."

गजानन हा गिरिधरचा शाळेपासूनचा मित्र, विमा कचेरीत नोकरीला. विमा कचेरीत राहूनही त्याला खोटं बोलता येत नसे. बोललाच तर दोन्ही कान लालबुंद होत. त्याची साक्ष सुहासिनीला देवळातल्या शपथेइतकी पक्की वाटे, आणि साक्षीदार आपल्या बाजूचा की विरुद्ध बाजूचा, हे गिरिधरला कळेनासं झालं.

पण गिरिधरकडेही एक डाव होता. मोटारीच्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेची त्याने नवी अँटेना केली होती, घडी घालून पिशवीत बसणारी. एका बांबूला बांधली की झालं. सेटला स्कूटरची बॅटरी पुरे, कारण त्याची ताकद जेमतेम पाच वॉट, म्हणजे रात्री लावतात त्या झिरोच्या बल्बापेक्षाही कमी. जिथे गिरणी नाही अशा मोकळ्या रानात जायचं आणि बोलायचं. साधा हिशोब होता.

रविवारी सकाळी दोघे गजाननच्या स्कूटरवरून निघाले. पिंपळगाव रेणुकाईला देवीपुढे गिरिधरने गच्चीसाठी नारळ फोडला आणि पुढे थोड्या अंतरावरच्या एका वाडीच्या शिवारात त्यांनी स्कूटर थांबवली. वाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. का, ते कळेलच. गव्हाला पाणी चाललं होतं, चारी बाजूंनी विहिरींवरच्या मोटारी घुमत होत्या, आणि शिवारावरून विजेची लाईन गेली होती. एका वस्तीवरून त्यांनी बांबू मागून आणला, बांधावर बाभळीच्या सावलीला सेट मांडला. गिरिधरने कानाला यंत्र लावलं, अँटेना जमली की नाही ते दाखवणारं काट्याचं मीटर हातात घेतलं आणि मान वर करून लाईनीपासून आपण किती लांब आहोत, ते नीट न्याहाळलं. मग सेट चालू केला.

खर्रर्र. घरच्यापेक्षा दसपट.

"इथं तर गिरणीपण नाही," गजानन म्हणाला.

"हवामान," गिरिधर म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. गच्ची गेल्याचं त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

एवढ्यात शेताचा मालक बद्रीनाथ बांधावर आला. धोतराचा सोगा हातात, नजर मीटरच्या काट्यावर. लांबूनच त्याने रामराम घातला.

"काय करून राह्यले साहेब?"

"तपासणी," गिरिधर म्हणाला. तो अँटेनाविषयी बोलत होता.

बद्रीनाथने एकदा वर लाईनीकडे पाहिलं. "तालुक्याहून आले का?"

"जालन्याहून."

"बरंच वरतून आले मंग." बद्रीनाथ खाली बसला. "न्हाई, म्हणलं, ही मशीन... हिच्यात सगळं कळतं का?"

गेल्या दोन वर्षांत गिरिधरच्या सेटबद्दल इतक्या आस्थेने कोणी विचारलं नव्हतं. त्याने कानातलं काढलं आणि सरसावून बसला. "अहो, शंभर-दोनशे कोसांवरचंसुद्धा कळतं!"

"नाव बी?"

"नाव, गाव, सगळं. विचारायचीपण गरज नाही. माणूस आपण होऊनच सांगतो."

बद्रीनाथने धोतराच्या सोग्याने कपाळ पुसलं. पौषातल्या सकाळी त्याला घाम कशाने आला, हे गिरिधरच्या लक्षात आलं नाही. बद्रीनाथने मग हळूच गजाननला बाजूला घेतलं. "साहेब कोणत्या आफिसात हायेत?"

गजानन खोटं बोलत नसे. "ट्रेझरीत."

"म्हंजे दंड भरायचा तिथं?"

"सगळा सरकारी पैसा तिथंच भरतात," गजानन खरं तेच म्हणाला.

"चहा घेऊन येतो जल्दी," असं म्हणून बद्रीनाथ जो निघाला तो घराकडे न जाता काकासाहेबांच्या विहिरीकडे धावत सुटला. काकासाहेब म्हणजे वाडीतलं वडीलधारं माणूस.

"शेतकरी माणूस, पण काय उत्सुकता!" गिरिधर म्हणाला आणि पुन्हा कानाला यंत्र लावून बसला. "गजा, बांबू जरा फिरव. आग्नेयेकडं."

गजाननने बांबू फिरवला. आणि नवल म्हणजे खरखर कमी झाली.

"अजून!"

गजाननने अजून फिरवला. खरखर अजून कमी झाली. गिरिधरच्या अंगावर काटा आला. इकडे गजानन बांबू धरून बघत होता, तर लांब लांब काठ्या घेतलेले लोक शिवारभर लाईनीखालून पळत होते. एक मोटार बंद पडली, मग दुसरी, मग पलीकडच्या दोन एकदमच.

"गिरू, पाटाचं पाणी थांबलं रे."

"थांबू दे. तू हलू नकोस. अजून दोन बोटं आग्नेयेकडं!"

गजाननने बांबू दोन बोटं सरकवला. शिवारातली शेवटची मोटार थांबली. गिरिधरच्या कानात अशी शांतता पसरली की त्याला आधी वाटलं, बॅटरीच गेली. आणि त्या शांततेत, लांबून, पण स्वच्छ, एक माणूस हिंदीत बोलत होता. भोपाळचे एक निवृत्त डॉक्टर. कोणी ऐकतंय का, असं ते विचारत होते.

गिरिधरने झडप घालून माईक उचलला. उत्तर दिलं. डॉक्टरांनी त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि पाच वॉटमध्ये बोलतोय हे ऐकून वाहवा केली. गिरिधरने कानाच्या यंत्राची एक बाजू गजाननच्या कानाला लावली. गजाननने ऐकलं, मान डोलावली. साक्ष झाली. मग आवाज कसा येतोय, ते आकड्यांत सांगायची या लोकांची पद्धत असते, त्याप्रमाणे गिरिधर ओरडून म्हणाला, "पाच सात! मेरा रिपोर्ट, पाच सात!"

बाभळीमागे उभ्या असलेल्या मंडळींत कुजबुज झाली.

"पाच-सातच रिपोर्ट केले," काकासाहेब हळूच म्हणाले. "माणूस चांगला हाय. चला, पाया पडू."

गिरिधर कानातलं काढून मागे वळला, तर समोर अख्खी वाडी. पुढे काकासाहेब, त्यांच्यामागे बद्रीनाथ, मच्छिंद्र, आणि साळूबाई टोपलीभर गरम हुरडा घेऊन. बरोबर तिळाची चटणी आणि गूळ. काकासाहेबांनी खूण केली, तशी एकेकाने पुढे येऊन तारेचं एकेक भेंडोळं गिरिधरच्या पायाशी ठेवलं. बघता बघता ढीग झाला.

"हे घ्या साहेब, सगळं आणलं," काकासाहेब हात जोडून म्हणाले. "आता एक बी राह्यली न्हाई कोणाकडं. पण तेवढे पाच-सात रिपोर्ट..."

"अहो, ते होऊन गेले! भोपाळपर्यंत पोचले!"

"भोपाळ?" मच्छिंद्र मटकन खालीच बसला.

गिरिधरचं तिकडे लक्ष नव्हतं. घरात दोन वर्षं तारेच्या एका तुकड्यावरून बोलणी खाल्लेली, आणि इथे एक अनोळखी गाव त्याच्या छंदासाठी तारेचा ढीग भेट देत होतं. त्याने एक भेंडोळं उचललं. चांगली जाड तार, आणि एक टोक आकड्यासारखं वाकवलेलं. "किती सोयीचं केलंय बघ," तो गजाननला म्हणाला, "बांबूला थेट अडकवता येईल."

गजाननचं आजोळ खेड्यातलं. लाईनीवर टाकायच्या त्या आकड्याचा उपयोग त्याला पुरता माहीत होता, आणि सकाळपासूनचं सगळं, ढिल्या आकड्यांच्या खरखरीसकट, त्याला त्या क्षणी समजलं. सांगायला म्हणून त्याने तोंड उघडलंही. पण गिरिधर इतका आनंदलेला त्याने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. त्याने उघडलेल्या तोंडात हुरडा टाकला.

संध्याकाळी घरी परतल्यावर गिरिधरने आधी गच्चीवर बांबू उभा केला, तोही बरोबर आग्नेयेला, आणि खाली येऊन सेट लावला. खर्रर्र.

"दिवसभराच्या प्रवासानं तार हलली असेल," तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता.

"काय भाऊजी?" सुहासिनीने विचारलं. "बोललं का कोणी?"

"बोललं वहिनी. भोपाळचे डॉक्टर. मी ऐकलं." गजाननचे कान पांढरे स्वच्छ होते.

सुहासिनी शब्दाला पक्की. "मंग गच्ची तुमची," ती म्हणाली. तेवढ्यात तिची नजर तारेच्या ढिगावर गेली. "आणि हे काय?"

"गावानं भेट दिली," गिरिधर म्हणाला आणि त्याने सगळी हकीगत रंगवून सांगितली. मशीनीत नाव-गाव कसं कळतं हे लोकांनी विचारलं, हात कसे जोडले, एकेकाने तार कशी आणून ठेवली. सुहासिनीने एक तार उचलून तिचं वाकवलेलं टोक बोटाने चाचपलं. गजाननकडे पाहिलं. गजानन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

"ही मशीन आता इथं रोज लावणार तुम्ही?"

"रोज. आणि अख्ख्या गल्लीतून बांबू घेऊन फिरणार. ही खरखर कुठून येते, ते हुडकूनच काढतो."

"कपडे काढून आणते वरचे," सुहासिनी म्हणाली आणि लगबगीने जिना चढली.

गजानन आत्ताच बांबू धरायला गच्चीवर जाऊन आला होता. तिथे एकही कपडा वाळत नव्हता.

मिनिटभराने सेटमधली खरखर थांबली. पूर्ण थांबली. शांततेत कोणीतरी गुजरातेतला माणूस दुसऱ्या कोणाला तरी हवापाणी विचारत होता, शेजारच्या खोलीत बसून विचारावं इतकं स्पष्ट. गिरिधर खुर्चीतून उठला, त्याने गजाननचे दोन्ही खांदे धरले.

"बघितलंस? तारा स्थिर झाल्या! सगळी करामत अँटेनाची. बोल, आहे की नाही?"

"आहे," गजानन म्हणाला, आणि त्याचे कान बोरासारखे लाल झाले. पण साक्ष आधीच झालेली असल्यामुळे ते कोणी पाहिले नाहीत. सुहासिनी पदराखाली काहीतरी गुंडाळलेलं घेऊन जिना उतरली आणि थेट माळ्याकडे गेली. त्या संध्याकाळी चहाला उशीर झाला, कारण तो विजेच्या शेगडीऐवजी रॉकेलच्या स्टोव्हवर झाला.

पुढच्या महिन्यात लाईटचं बिल तिप्पट आलं. सुहासिनीने ते गिरिधरच्या समोर, सेटवरच आणून ठेवलं.

"बघा. इतकी वर्षं कधी आलं का असं? लावता ना रोज ते डबडं!"

पाच वॉट म्हणजे झिरोच्या बल्बापेक्षाही कमी, आणि तेही बॅटरीवर, हे सांगायला गिरिधरने तोंड उघडलं होतं. पण कानात त्या वेळी थेट कलकत्त्याचा माणूस बोलत होता, तोही खरखरीवाचून. अँटेना एवढी पल्लेदार निघाल्यावर ती थोडीफार वीज खाणारच, असं मनाशी म्हणून त्याने चूक मुकाट्याने मान्य केली.