नर्मदाबाईंनी शेजारचे भांडार उसने घेतले ते

समुद्रस्वामिनी देवी समर्थ, तिचे स्मरण करून लिहिले ऐसे जे: शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन मासी, किनाऱ्यावरील एका राज्यात वाऱ्याचा अदमास सांगणारे दफ्तर होते. वारा कोठून उठेल आणि किती जोराने येईल हे संगणकावर ताडून कोळ्यांस मोबाईलवर वर्दी द्यावी, हे त्या दफ्तराचे काम. त्याचे दोन महाल एकाच इमारतीत, भिंतीस भिंत लागून. एका महाली अंताजीपंत केंकरे, पिकल्या केसांचे. अदमासाचा प्रोग्राम मुळारंभी त्यांनीच रचिला. दुसऱ्या महाली नर्मदाबाई दिघावकर, नव्याने रुजू जाहलेल्या. प्रोग्रामात आजवर जे जे बदल जाहले, ते कोणी केले आणि कधी केले, हे सर्व ज्या भांडारात राहते त्यास रेपॉझिटरी म्हणत. मूळ भांडार दूर राजधानीस, आणि राजधानीपासून किनाऱ्यापर्यंत इंटरनेटची एकच बारीक वाट. नर्मदाबाईंच्या महालाचा रिवाज ऐसा की, रोज पहाटे आपल्याकडील भांडार टाकून द्यावे आणि राजधानीहून पहिल्या दिवसापासूनचे कुल भांडार नव्याने आणावे, मग त्यावर चाचणी घ्यावी. हा रिवाज मागील अंमलदाराने घातला आणि पुढे तो का, हे कोणी विचारिले नाही.

तो एके पहाटे वाऱ्याने तोंड फिरविले. ज्यांवरून अदमास बांधायचा ती आभाळाची चित्रे राजधानीहून निघाली आणि वाटेत हे अजस्र भांडार आडवे. चित्रे तुंबली, वर्दी उशिरा गेली, आणि तोवर होड्या बंदर सोडून गेल्या होत्या. दुपारी एक होडी डोलकाठी मोडून परत आली. माणसे सुखरूप, होडीचा म्होरक्या जो तांडेल, त्याचा हात मात्र मोडला. नर्मदाबाई जातीने बंदरावर गेल्या, तेव्हा तांडेलाची बायको सुंद्राबाई म्हणाली, "बाई, वर्दी आली, पण ते दर्यात असताना आली. मी इथं वाचत बसले." मग परत येऊन त्या पहाटेच्या नोंदी पाहिल्या, तो आपल्याच महालाने वाट अडविली ऐसे कळोन आले, आणि अन्न गोड लागेना.

मग बाई पंतांकडे गेल्या आणि बोलिल्या, "पंत, तेच भांडार तुमच्याकडे सगळं आहे. भिंतीपलीकडचं सोडून मी रोज राजधानीहून ओढते. जुनं तुमच्याकडून वाचू द्या, नवं तेवढं मी तिकडून मागवीन."

"आणि काही बिघडलं तर?"

"नुसतं वाचीन. हात लावणार नाही."

पंत बोलिले, "उद्या सगळे एकमेकांचं वाचू लागले, की हा महाल कशाला हवा म्हणतील."

यावर बाईंनी वाद घातला नाही. तांडेलाचा हात कसा मोडला आणि वाट कोणी अडविली, एवढे सांगितले. पंत आपल्या संगणकाकडे वळले आणि म्हणाले, "घ्या. पण वाचण्यापुरतं."

दुसरे दिवशी पहाटे चहा निवण्याआधी काम उरकले. वाट मोकळी जाहली, वर्दी वेळेवर जाऊ लागली. बाईंच्या भांडारात आता जुने काहीच नव्हते. शेजारचा पत्ता आणि आपले नवे बदल, इतकेच.

पुढे माघ मासी पंतांच्या सेवानिवृत्तीचा दिवस आला. आपला संगणक स्वच्छ करून द्यावा म्हणोन ते बसले, आणि निरोप घेण्यास बाई आत आल्या, तो पडद्यावर प्रश्न उभा: सर्व पुसायचे काय? पंतांचे बोट कळेवर.

"पंत, थांबा!" बाई दारातूनच ओरडल्या.

पंत दचकले आणि हात मागे घेतला. "काय झालं?"

"माझं सगळं जुनं तुमच्याकडे आहे. हे पुसलंत तर माझ्याकडे पत्ता उरेल, घर नाही. राजधानीहून आणायचं तर पुन्हा वाट तुंबणार, आणि संध्याकाळी वारा उठणार आहे."

"तुमच्याकडे जुनं काहीच नाही, हे मला आधी सांगायचं होतंत, बाई."

"चुकलंच माझं."

मग बाईंनी तेथेच बसून कुल जुने भांडार भिंतीपलीकडे आपल्या महाली उतरवून घेतले आणि शेजारचा पत्ता काढून उसनवारीचा धागा तोडला. पंत उभेच होते. हळूच विचारते जाहले, "सगळं आलं?" बाईंनी आपल्या महाली नेऊन सर्वांत जुनी नोंद उघडिली. तीवर लिहिणाराचे नाव अंताजी केंकरे, आणि खाली चार शब्द: वारा वाचायला सुरुवात केली. पंतांनी ते दोनदा वाचिले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "मग हरकत नाही." आणि आपल्या महाली जाऊन आपल्या हाते कळ दाबिली.

येणेप्रमाणे वर्तमान. जे शेजारी आहे ते दुरून आणू नये, आणि शेजारी उठून जाणार असेल तर त्याचे आधी आपल्या घरी ठेवून घ्यावे, ऐसा रिवाज त्या दफ्तरी पडला. जाहले तैसे लिहिले, पदरचे घातले नाही. शुभं भवतु.